कंसातली दोन टिंबं

२०१७ साली मी हास्केल भाषेत ट्रीची एक छोटी लायब्ररी लिहिली आणि हॅकेजवर टाकली. हॅकेज म्हणजे हास्केलच्या लायब्रऱ्यांचं सार्वजनिक भांडार. तेव्हा मी शहरातल्या पुंडलिकनगर या वस्तीत भाड्याच्या खोलीत राहत होतो. दिवसा चिकलठाण्याला नोकरी आणि रात्री हे काम. आमच्या शहरात तेव्हा नळाला कित्येक दिवसांआड पाणी यायचं आणि येण्याच्या वेळेचा नेम नसायचा. पाण्याच्या रात्री जागरण ठरलेलं, त्या जागरणात बराचसा कोड लिहून झाला. ट्री लिहिताना काय चुकलं आणि ती लोकांच्या हाती देताना काय चुकलं, ते इथे मांडतो आहे. पहिल्या प्रकारच्या चुकांवर पुस्तकं आहेत. दुसऱ्या प्रकाराबद्दल मला आधी कोणी काही सांगितलं नव्हतं.

मराठी मुलखाला फंक्शनल प्रोग्रॅमिंग तसं नवीन नाही. हास्केलची धाकटी बहीण म्हणावी अशी गोफर नावाची भाषा होती. पुणे विद्यापीठात शिकवण्यासाठी तिची 'पुगोफर' नावाची खास आवृत्ती १९९०च्या दशकातच केली गेली होती. माझ्यापर्यंत मात्र हा विषय बराच उशिरा आला. एनपीटेलवर माधवन मुकुंद आणि एस. पी. सुरेश यांचा हास्केलचा अभ्यासक्रम आहे, तो पाहून मी शिकलो. मग ख्रिस ओकासाकी यांचं १९९८चं, निव्वळ फंक्शनल डेटा स्ट्रक्चरवरचं पुस्तक हाती आलं आणि मी ट्रीच्या नादी लागलो.

फंक्शनल पद्धतीत एकदा तयार झालेली वस्तू पुन्हा बदलत नाही. ट्रीत नवं नाव घातलं की नवी ट्री मिळते आणि जुनी जशीच्या तशी राहते. सातबाऱ्यावर फेरफार झाला की जुन्या नावाला कंस होतो, ते खोडून टाकत नाहीत, तसंच काहीसं. ऐकणाऱ्याला वाटतं की दरवेळी सगळ्या ट्रीची नक्कल होत असणार. तसं होत नाही. मुळापासून नव्या नोडपर्यंतच्या (नोड म्हणजे ट्रीतली एकेक नोंद) वाटेवरचे नोड तेवढे नव्याने बनतात, बाकीच्या फांद्या जुन्या आणि नव्या ट्रीत सामाईक राहतात. दहा लाख नावांची समतोल ट्री असेल तर तिची उंची २०च्या आसपास भरते. म्हणजे एक नाव घालायला वीसेक नोड नवे, उरलेले सगळे तेच. हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मला जो आनंद झाला, तो आजही आठवतो. ती लायब्ररी त्या आनंदातूनच लिहिली गेली.

माझ्या पहिल्या ट्रीत दोनच प्रकार होते: रिकामी ट्री किंवा नोड. नोडमध्ये चार गोष्टी: डावी फांदी, किल्ली, मूल्य, उजवी फांदी. लहान किल्ल्या डावीकडे, मोठ्या उजवीकडे. हास्केलमध्ये मॉड्यूलच्या माथ्यावर एक यादी असते, बाहेरच्यांना काय काय वापरू द्यायचं याची. त्या यादीत मी ट्रीच्या नावापुढे कंसात दोन टिंबं लिहिली. त्या दोन टिंबांचा अर्थ असा की या टाइपचे सगळे कन्स्ट्रक्टर सगळ्यांना खुले. कोणीही नोड स्वतः बनवावा, कोणीही तो उघडून आतल्या चार गोष्टी हातात घ्याव्यात. मला तेव्हा ते उदारपणाचं वाटलं. टिंबं न लिहिता नुसतं नाव लिहिलं असतं, तर पुढचे निम्मे प्रश्न उभेच राहिले नसते.

माझा एक मित्र एका पतसंस्थेच्या सभासदांच्या याद्यांचं काम करत होता. त्याने लायब्ररी वापरायला घेतली आणि थोड्याच दिवसांत फोन केला. "अरे, शंभर नावांना पटकन चालतं, सगळी यादी घातली की अडकूनच बसतं." त्याची यादी आडनावांनुसार आधीच लावलेली होती. क्रमाने लावलेली नावं साध्या शोध-ट्रीत एकामागून एक घातली की प्रत्येक नवं नाव सगळ्यात उजवीकडे जातं. ट्रीला फांद्या फुटतच नाहीत, ती सरळ साखळी होते. १०,००० नावं अशी घातली तर तुलनाच सुमारे ५ कोटी होतात. समतोल ट्रीत हेच काम दोनेक लाख तुलनांत उरकतं. पाठ्यपुस्तकातला हा पहिला इशारा आहे आणि मी तो वाचलेलाही होता. चाचणी मात्र मी आपोआप तयार केलेल्या वेड्यावाकड्या आकड्यांवर घेतली होती. त्या आकड्यांची ट्री बरीचशी समतोल होते, त्यामुळे दोष दिसला नाही. माणसांच्या याद्या बहुतेक वेळा लावलेल्याच असतात, ही साधी गोष्ट मी विचारात घेतली नव्हती.

दुरुस्ती करायला घेतली. वजनावर समतोल राखणारी ट्री करायची ठरवली. या प्रकारची कल्पना नीव्हरगेल्ट आणि रीनगोल्ड यांनी १९७०च्या दशकात मांडली. स्टीव्हन अ‍ॅडम्स यांनी ती १९९०च्या दशकात फंक्शनल रूपात आणली आणि हास्केलच्या 'कंटेनर्स' या लायब्ररीतला 'मॅप' नावाचा टाइप त्याच वाटेने जातो. प्रत्येक नोडला आपल्याखाली किती नोड आहेत ते माहीत असतं. एक बाजू दुसरीच्या ठरावीक पटीहून जड झाली की फांदी फिरवून तोल सावरायचा. त्यासाठी नोडमध्ये पाचवी गोष्ट हवी: आकार. मी ती घातली, लायब्ररी झपाट्याने चालू लागली, आणि आवृत्तीचा शेवटचा आकडा एकाने वाढवून मी ती हॅकेजवर चढवली. मनात हिशोब एवढाच, की घालणं, शोधणं, काढणं ही फंक्शनं होती तशीच आहेत, कोणाचं काय बिघडणार?

बिघडलं ते दूरच्या एका अनोळखी प्रोग्रॅमरचं. त्याने माझा नोड उघडून थेट चार गोष्टींवर कोड लिहिला होता. नोडमध्ये पाच गोष्टी झाल्यावर तो कोड कंपाइल होईना. त्याचा निरोप सौम्य होता. त्याने इतकंच विचारलं होतं, की ही लहान दुरुस्ती म्हणून का प्रसिद्ध केली. हास्केलमध्ये आवृत्तीच्या आकड्यांचा संकेत लिहून ठेवलेला आहे, त्याला पीव्हीपी म्हणतात. त्यात पहिले दोन आकडे मिळून मोठी आवृत्ती होते. बाहेर दिलेली कोणतीही वस्तू काढली किंवा तिचा टाइप बदलला की त्या दोनांपैकी एक आकडा वाढवावाच लागतो. माझा कन्स्ट्रक्टर बाहेर दिलेला होता, म्हणजे तो त्या संकेतात येत होता. मी फंक्शनांकडे पाहत होतो आणि वापरणाऱ्याचा हात नोडवर होता. लायब्ररीबाहेर जे जे दिसतं ते सगळं लिहिणाऱ्याने दिलेल्या वचनात येतं, मग ते मुद्दाम दिलेलं असो की दोन टिंबांमुळे बाहेर गेलेलं असो.

घाबरून मी ती आवृत्ती काढून टाकायला गेलो. हॅकेजवर तसं करता येत नाही. चढवलेली आवृत्ती पुसता येत नाही आणि त्याच क्रमांकावर दुसरा कोडही ठेवता येत नाही. फार तर ती वापरू नये असा शिक्का मारता येतो. तेव्हा हा नियम मला जाचक वाटला, आज तो पूर्ण योग्य वाटतो. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या एनपीएम भांडारातून 'लेफ्ट-पॅड' नावाची ११ ओळींची लायब्ररी तिच्या लेखकाने काढून घेतली आणि तिच्यावर आडून-आडून अवलंबून असलेले जगभरचे हजारो प्रकल्प अडले. माझी लायब्ररी कोणाच्या खिजगणतीत नव्हती, तरी ज्या एक-दोघांनी ती वापरली त्यांच्यासाठी माझी जबाबदारी तीच होती. कायमचं चढवण्याआधी उमेदवार आवृत्ती ठेवून लोकांना दाखवायची सोय हॅकेजवर आहे. ती मी कधी वापरली नव्हती. एल्म भाषेतलं पॅकेजचं साधन तर दोन आवृत्त्यांचे टाइप ताडून आकडा स्वतःच ठरवतं. माझी ही चूक तिथे घडलीच नसती. वागणूक बदलली आणि टाइप तोच राहिला तर मात्र तेही साधन काही करू शकत नाही, आणि माझ्या पुढच्या चुका त्या जातीच्या होत्या.

पहिली समानतेची. दोन ट्री सारख्या आहेत का, हे ठरवायचं काम मी भाषेवर सोडलं होतं. एक शब्द लिहिला की हास्केल ती तुलना आपोआप तयार करून देतं. ती तुलना ट्रीचा आकार पाहते. तीच नावं वेगळ्या क्रमाने घातली तर समतोल ट्रीचा आकार वेगळा येऊ शकतो. मित्र कालची यादी आणि आजची यादी ताडून पाहत होता. एकही सभासद बदललेला नसताना उत्तर यायचं की याद्या वेगळ्या आहेत. कंटेनर्समधला मॅप आधी दोन्हींची संख्या पाहतो आणि मग क्रमाने काढलेल्या याद्या ताडतो. तो कोड माझ्यासमोर उघडा होता, मी वाचला नव्हता.

दुसरी चूक समतोलाच्या आकड्यांची. या ट्रीत दोन आकडे लागतात: एक बाजू किती पट जड चालेल, आणि तोल सावरताना फांदी एकदा फिरवायची की दोनदा. मी एका जुन्या कोडातून ते उचलले. चाचण्या हिरव्या झाल्या, कारण माझ्या चाचण्या एवढंच विचारत होत्या की घातलेलं नाव सापडतं का. नावं काढून टाकल्यावर तोल टिकतो का, हे मी विचारलंच नव्हतं. खरं तर हास्केलकडे क्विकचेक आहे. क्लासेन आणि ह्यूज यांनी २००० साली ते मांडलं. नियम आपण सांगायचा, उदाहरणं ते तयार करून नियम मोडायचा प्रयत्न करतं. मी नियमच अर्धवट सांगितला होता. पुढे एकदा घालण्या-काढण्याच्या लांब माळा तयार करून तोलाचा नियम तपासला आणि काही क्षणांत तो मोडलेला दिसला.

मग शोध घेतला तेव्हा कळलं की या जागी मोठी माणसंही घसरली आहेत. खुद्द कंटेनर्समधले आकडे चुकीचे असल्याचं २०१०च्या सुमारास लक्षात आलं. २०११ साली योइची हिराई आणि काझुहिको यामामोतो यांनी कॉक या सिद्धता-साधनात सिद्ध करून दाखवलं की या ट्रीच्या मूळ रूपासाठी पूर्णांकांची ३ आणि २ ही एकच जोडी चालते. त्याआधी २००४ साली फिलियात्र आणि लतूझे यांना ओकॅमल भाषेच्या अधिकृत सेटमध्ये अशीच समतोलाची चूक सापडली होती, तीही सिद्धता लिहिताना. वर्षानुवर्षं जगभर वापरात असलेला कोड चुकीचा असू शकतो आणि कोणाला कळतही नाही, कारण तोल ढळलेली ट्रीसुद्धा उत्तर बरोबरच देते, फक्त हळू देते. हे वाचून मला दिलासा वाटायला हवा होता. वाटली ती भीती. एवढ्या जाणकारांना जे सिद्ध करून पाहावं लागलं ते मी दोन आकडे उचलून केलं होतं.

तिसऱ्या चुकीपाशी थोडं थांबतो, कारण ती आपल्या लिपीशी बांधलेली आहे आणि इंग्रजी पुस्तकांत ती सापडत नाही.

मित्राचा फोन आला. "यादी छापली की वऱ्हाडे दिसतो. शोधला की म्हणतंय, नाहीये. असं कसं होईल रे?" वऱ्हाडे या आडनावातला ऱ संगणकावर तीन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ०९३१. दोन, साधा र म्हणजे ०९३०, त्याखाली नुक्ता म्हणजे ०९३C. तीन, र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखे. वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या कीबोर्डवर नोंदी केलेल्या, त्यामुळे एकच माणूस ट्रीत दोनदा येत होता. यावर उपाय म्हणून माझ्या लायब्ररीत सगळ्या किल्ल्यांवर एक फंक्शन चालवायची सोय होती. मित्राने तिच्यातून सगळे ऱ फोडून र आणि नुक्ता असे केले.

आता हीच जागा जवळून पाहा. ट्रीत वर्तक हा नोड आहे. वऱ्हाडे आधी ऱ या अक्षराने लिहिलेला होता. दुसऱ्या अक्षराशी तुलना झाली: ०९३१ मोठा, ०९३० लहान, म्हणून वऱ्हाडे वर्तकच्या उजवीकडे गेला. ऱ फोडल्यावर दोघांचंही दुसरं अक्षर र झालं आणि तुलना तिसऱ्यावर आली. वऱ्हाडेमध्ये तिथे नुक्ता, ०९३C. वर्तकमध्ये हलन्त, ०९४D. नुक्ता लहान. म्हणजे नव्या रूपातला वऱ्हाडे डावीकडे असायला हवा. माझं फंक्शन मात्र किल्ली बदलून तिला तिथेच ठेवत होतं, ट्री नव्याने लावत नव्हतं. शोधणारा डावीकडे वळायचा आणि माणूस उजवीकडे बसलेला. कंटेनर्समध्ये या कामाची दोन वेगळी फंक्शनं आहेत. एक ट्री पुन्हा लावतं. दुसरं लावत नाही, पण क्रम न बदलणाऱ्या फंक्शनापुरतंच ते वापरा हे त्याच्या नावातच सांगितलेलं आहे. माझ्याकडे एकच होतं, धोक्याचं, आणि त्याच्या नावात धोक्याची काही खूण नव्हती. पतसंस्थेच्या यादीत नाव न सापडणं म्हणजे खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला 'तुमचं खातं नाही' असं सांगणं. ती यादी अजून कामात आणलेली नव्हती, म्हणून ती वेळ आली नाही.

क्रमाचा आणखी एक घोळ त्यातूनच निघाला. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. त्यामुळे यंत्राच्या क्रमाने काळे आधी, कावळे मागून. आपल्या क्रमाने उलट. मराठी क्रम मिळावा म्हणून मी प्रत्येक फंक्शनाला तुलनेचं फंक्शन बाहेरून देता येईल अशी सोय केली. मग एका ठिकाणी मराठी क्रमाने नावं घातली गेली, दुसऱ्या ठिकाणी नेहमीच्या क्रमाने शोधली गेली, आणि काळे हरवले. क्रम हा टाइपशी बांधलेला असावा, हे मला त्यानंतर पटलं. मराठी नावासाठी वेगळा टाइप करावा आणि त्याचा क्रम त्याच्याच अंगी ठेवावा, म्हणजे दोन क्रमांची सरमिसळ कंपायलरच होऊ देत नाही.

मार्च २०१८ मध्ये जीएचसी हा हास्केलचा कंपायलर ८.४ वर गेला. मोनॉइड व्हायचं असेल तर आधी सेमीग्रुप असलं पाहिजे (दोन वस्तू एकत्र करता येणाऱ्या टाइपांचे हे हास्केलमधले वर्ग), असा बदल त्यात झाला. दोन ट्री एकत्र करता याव्यात म्हणून माझी ट्री मोनॉइड होती, सेमीग्रुप नव्हती. ती कंपाइल होणं बंद झालं. 'बेस' या हास्केलच्या पायाभूत लायब्ररीच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत माझा कोड चालतो, ती वरची मर्यादा मी पॅकेजच्या फाइलीत लिहिलीच नव्हती, त्यामुळे प्रत्येकाचं साधन नव्या 'बेस'सोबतही माझी लायब्ररी निवडायचं आणि अडायचं. हॅकेजवर कोड बदलता येत नसला तरी ही मर्यादा मागाहून घालता येते. मला ते ठाऊक नव्हतं. मधले काही महिने लायब्ररी तशीच मोडलेली होती, आणि तेव्हा माझ्याकडे नोकरीचं काम इतकं होतं की मी निरोप वाचायचंही टाळत होतो. या सगळ्या चुकांत मला सगळ्यात जास्त हीच सलते. बाकीच्या अज्ञानातून झाल्या, ही मात्र पाठ फिरवल्यामुळे झाली.

पुढे मी ती पुन्हा लिहिली. यादीतली दोन टिंबं काढली. ज्यांना आतली रचना खरोखर हवी असते त्यांच्यासाठी 'इंटर्नल' नावाचं वेगळं मॉड्यूल ठेवलं आणि त्यात आवृत्तीचा संकेत पाळला जाणार नाही असं वरच लिहिलं. कंटेनर्समध्ये हीच पद्धत आहे. ट्रीचा क्रम, आकार आणि तोल तपासणारं एक फंक्शन लिहिलं आणि प्रत्येक चाचणीच्या शेवटी ते चालवलं. समानता यादीवर आणली, आकडे ३ आणि २ केले, 'बेस'ची मर्यादा लिहिली, आणि या वेळी मोठी आवृत्ती म्हणून चढवली. काम नीट झालं. ते पाहताना एक गोष्ट स्वच्छ दिसली: आता माझी ट्री जे करत होती ते सगळं कंटेनर्समधला मॅप आधीपासून आणि अधिक चांगलं करतो. म्हणून तिच्यावर मीच 'वापरू नये' असा शिक्का मारला आणि खाली कंटेनर्सचं नाव लिहिलं. मित्राच्या याद्या आता त्यावरच चालतात. मराठी नावाचा टाइप तेवढा आमचा आहे.

ट्रीची स्वतःची लायब्ररी शिकण्यासाठी प्रत्येकाने जरूर लिहावी. लोकांना देण्याआधी मात्र आपल्या भाषेतली नावं घालून पाहावीत. वर्तक, वऱ्हाडे, कावळे आणि काळे ही चार आडनावं, त्यातला ऱ तिन्ही तऱ्हांनी लिहून, तुमच्या चाचण्यांत घाला. घाला, काढा, बदला आणि पुन्हा शोधा. एखादं जरी सापडलं नाही तरी प्रसिद्ध करायची घाई करू नका.